सरकत्या दाराला सरकता पडदा : पॅनल ब्लाइंड घेण्याआधी

पुण्या-मुंबईकडच्या नव्या इमारतींत हॉलला बहुधा एक मोठं सरकतं दार असतं. सहा ते दहा फूट रुंद, सात फूट किंवा थोडं जास्त उंच, ॲल्युमिनियमच्या नाहीतर यूपीव्हीसीच्या चौकटीत काचा आणि पलीकडे टेरेस. बिल्डरच्या माहितीपुस्तिकेतल्या चित्रात हे दार सताड उघडं असतं आणि त्यावर पडदा म्हणून नसतो. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्या ताटात काय वाढलंय ते समोरच्या इमारतीतून दिसतं, दुपारी टीव्हीवर नुसता उजेड दिसतो आणि सोफ्याचं कापड एका बाजूनं विटायला लागलंय. मग पडद्याची शोधाशोध सुरू होते, आणि दुकानदार कॅटलॉग उघडून म्हणतो, ‘हल्ली लोक पॅनल ब्लाइंड घेतात.’

पॅनल ब्लाइंड म्हणजे कापडाच्या रुंद, सपाट, चुण्या नसलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी साधारण दीड ते अडीच फूट रुंद आणि दाराएवढी उंच. वर ॲल्युमिनियमचा ट्रॅक असतो, त्यात दोन ते पाच समांतर खाचा. त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेलमध्ये एक पट्टी चालते. पट्टीचं वरचं टोक वेल्क्रोनं सरकपट्टीला चिकटवलेलं, खालच्या शिवणीत वजनासाठी ॲल्युमिनियमची सळई. ओढलं की पट्ट्या एकीमागून एक सरकतात आणि उघडल्यावर एकामागे एक उभ्या राहतात. जपानी घरांतल्या सरकत्या कागदी दारांशी या रचनेचं नातं आहे. फ्रान्समध्ये तर या पडद्यांना सरळ जपानी पॅनलच म्हणतात.

सरकत्या दाराला हा प्रकार शोभतो याचं खरं कारण दिसण्यात नाही. दार ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं पडदाही चालतो. रोलर ब्लाइंड खालून वर जातं, म्हणजे चहाचे कप घेऊन टेरेसवर जायचं तर आधी अख्खा पडदा वर गुंडाळायचा किंवा त्याखालून वाकून जायचं. रुंद दाराला एकच रोलर लावला तर नळी मध्ये वाकते, आणि तीन लावले तर दोघांच्या मधून उजेडाच्या उभ्या रेघा येतात. व्हर्टिकल ब्लाइंड, म्हणजे बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत दिसणारे ते उभ्या पट्ट्यांचे पडदे, सरकतात बरोबर दारासारखे. पण त्यांच्या पट्ट्या चार-पाच इंचांच्या, खाली मण्यांच्या साखळीनं जोडलेल्या. ती साखळी तुटली की पट्ट्या एकमेकींत अडकतात. घरात लहान मूल असेल तर ती तुटणार हे धरूनच चाला. पॅनलमध्ये ही साखळी नसते आणि रुंद पट्टीमुळे भिंत शांत दिसते. कचेरीची आठवण कमी येते, हाही फायदाच.

आता मुद्द्याचं. पॅनल ब्लाइंड निवडताना बहुतेक लोक कापडापासून सुरुवात करतात. नमुन्यांची वही मांडीवर घ्यायची, बेज की राखाडी यावर घरात दोन तट पडायचे, आणि बाकी सगळं बसवणाऱ्यावर सोपवायचं. माझं म्हणणं उलट आहे. कापड शेवटी. आधी ठरवायचं ते एकच : पडदा उघडल्यावर पट्ट्यांची थप्पी कुठे उभी राहणार? साधा पडदा चुण्या घालून हातभर जागेत मावतो. पॅनलची थप्पी मात्र एका अख्ख्या पट्टीएवढी रुंद असते आणि ती कमी करायला कुठलीही युक्ती नाही. ती भिंतीवर गेली तर दार मोकळं, काचेवर राहिली तर तेवढी काच कायमची गेली.

हिशेब करून बघू. समजा दार ८ फूट, म्हणजे ९६ इंच रुंद आहे. पडदा चौकटीबाहेर दोन्हीकडे ४-४ इंच जास्त घेतला, तर झाकायची रुंदी १०४ इंच. शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर अडीच इंच चढतात असं धरा. चार पट्ट्या घेतल्या तर तीन ठिकाणी चढ येईल, म्हणजे साडेसात इंच. १०४ मध्ये ते मिळवून चारानं भागलं की एक पट्टी जवळजवळ २८ इंचांची येते. उघडल्यावर २८ इंचांची थप्पी, त्यातले ४ भिंतीवर आणि २४ काचेवर. पाच पट्ट्या घेतल्या तर एक पट्टी २३ इंचांची होते आणि काचेवर १९ इंचच राहतात. म्हणजे पट्ट्या वाढवल्या की थप्पी अरुंद होते, पण ट्रॅकची खोली वाढते आणि खर्चही.

पडदा मधून दोन्हीकडे उघडावा असं पुष्कळांना वाटतं, दिसतंही छान. त्याच दाराला दोन-दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना गेल्या तर प्रत्येक थप्पी सव्वासत्तावीस इंचांची, म्हणजे दोन्ही मिळून काचेवर सुमारे ४६ इंच. आठ फुटांचं दार आणि त्यातलं जवळजवळ निम्मं झाकलेलं. दार बारा फुटांचं किंवा त्याहून मोठं नसेल आणि दोन्हीकडे मोकळी भिंत नसेल, तर या मोहात पडू नका.

दाराच्या एका बाजूला अडीच फूट मोकळी भिंत असेल तर मात्र काम फार सुंदर होतं. ट्रॅक त्या भिंतीवर पुढे न्यायचा. वरच्याच दाराला साडेसत्तावीस इंचांच्या पाच पट्ट्या घेतल्या तर ट्रॅक साडेदहा फुटांच्या थोडा पुढे जातो आणि उघडल्यावर सगळी थप्पी भिंतीवर उभी राहते. काच पूर्ण मोकळी. कापड थोडं जास्त लागतं, पण दहा वर्षं रोज ते दार बघायचं आहे. मी तरी एवढा खर्च करीन.

भिंत नसेल तर दार कसं उघडतं ते बघा. दोन झडपांचं सरकतं दार तसंही निम्मंच उघडतं. एक झडप दुसरीमागे जाते. घरातली माणसं सवयीनं एकच झडप सरकवतात, दुसरी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. थप्पी त्या न हलणाऱ्या झडपेपुढे उभी करायची. तीन ट्रॅकच्या दारात तिसरी झडप डासांच्या जाळीची असेल तर संध्याकाळी जाळी कुठल्या बाजूला राहते हेही बघून घ्या, कारण जाळी ओढायला रोज पडद्यामागे हात घालावा लागला तर महिन्याभरात पडद्याची कड काळी होते. दिवाणखान्यात दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. कोण कुठून बाहेर जातं, कुंड्यांना पाणी घालणारा माणूस कुठली झडप ओढतो, कपडे वाळत घालायला कोण किती वेळा जातं. दारावरच्या पडद्याबद्दल सगळ्यात खरी माहिती इथेच मिळते.

भिंतीवर थप्पी न्यायची ठरवली तर त्या भिंतीवर आधीपासून काय आहे ते तपासा. आपल्याकडे टेरेसच्या दिव्याचा स्विचबोर्ड हमखास दाराशेजारी असतो, तोही नेमका थप्पीच्या जागी. पट्टीच्या मागे हात घालून बटण शोधण्यात रोजची चिडचिड आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड फूटभर हलवणं पडदा लागण्याआधी सोपं जातं. त्याच भिंतीवर एसीची पाइप झाकणारी पट्टी, टीव्हीचं युनिट, सोफ्याची पाठ असं काही असेल तर पट्टी त्यावर घासणार. सोफा चार इंच पुढे ओढायची तयारी आहे का, हे घरच्यांना आत्ताच विचारा. आणि दाराला आतून लोखंडी सेफ्टी ग्रिल असेल, तर तिची कडी आणि कुलूप धरून पडदा किती पुढे आणावा लागतो ते मोजा.

आता वाऱ्याविषयी. दुकानात वारा नसतो, त्यामुळे हा विषय तिथे निघत नाही. पॅनलची पट्टी रुंद, सपाट आणि खालून मोकळी असते. दार उघडं आणि समोरच्या खोलीची खिडकीही उघडी असली की ती शिडासारखी फुगते, खालची सळई काचेवर आपटते. छताचा पंखा दाराच्या जवळ असेल तर दार बंद असतानाही पट्ट्या हलत राहतात. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांत मे महिन्याच्या संध्याकाळी हे रोजचं होतं. खालची सळई जड मागून घ्या, थोडा फरक पडतो. पण ज्या घरात टेरेसचं दार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडंच असतं, पोरं आतबाहेर पळत असतात आणि वारा आरपार जातो, त्या घरानं पॅनल ब्लाइंड घेऊ नये. तिथे साधे कापडी पडदे चांगले. एका हातानं बाजूला सारता येतात, बांधून ठेवता येतात आणि घरी धुता येतात. दुकानदार हे सांगणार नाही.

आणखी कुणी घेऊ नये? ज्यांचं दार सहा फुटांपेक्षा अरुंद आहे त्यांनी. एवढ्याशा रुंदीत तीन पट्ट्या बसवल्या तर तिसरा हिस्सा थप्पीतच जातो. ज्यांचं दार सरकत नाही, आत उघडतं, त्यांनीही विचार सोडावा. दाराची पानं पट्ट्यांना धडकतात. बेडरूममध्ये दिवसा झोपणाऱ्यांनी, म्हणजे रात्रपाळी करणाऱ्यांनी, ब्लॅकआउट कापड घेतलं तरी पूर्ण अंधाराची अपेक्षा धरू नये. चॅनेल एकापुढे एक असल्यानं पट्ट्यांमध्ये थोडं अंतर राहतं, आणि कडेनं, खालून, वरून उजेड येतोच.

एवढं सगळं जमतंय असं दिसलं तर मग कापड. कापड ठरवायला वहीपेक्षा होकायंत्र उपयोगी. फोनमध्ये असतंच. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. तुमच्या टेरेसवर पाच फूट खोल स्लॅब असेल तर तिची सावली दारावर साडेपाच फुटांपर्यंत खाली येते. म्हणजे दक्षिणेच्या दाराला थंडीत फक्त पायाशी ऊन, आणि उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं आत ऊन जवळपास नाहीच. अशा दाराला जाड कापड लावणं म्हणजे पैसे देऊन खोली काळोखी करणं. तिथे नुसता आडपडदा पुरतो.

पश्चिमेचं गणित वेगळं. मेच्या मध्याला पाच वाजता सूर्य पंचवीस-सत्तावीस अंशांवर उतरलेला असतो. त्याच पाच फुटी स्लॅबची सावली दारावर जेमतेम अडीच फूट उतरते, खालची साडेचार फूट काच उन्हात. पुढच्या दोन तासांत ऊन आणखी आत शिरतं. पूर्वेला हेच सकाळी, फक्त तेव्हा हवा तापलेली नसते म्हणून सहन होतं. पश्चिमेच्या दारासाठी कापडाची मागची बाजू, म्हणजे काचेकडची बाजू, पांढरी किंवा चंदेरी लेप असलेली घ्या. ती ऊन परत फेकते. गडद कापड ऊन पिऊन घेतं आणि ती उष्णता खोलीतच सोडतं.

पडदा लावला की खोली थंड होईल, हे मात्र अर्धसत्य आहे. ऊन एकदा काचेतून आत आलं की त्यातली बरीच उष्णता आतच अडकते, मग पडदा कितीही चांगला असो. उष्णता खरी अडते ती काचेच्या बाहेर. टेरेसच्या कडेला बांबूची चिक किंवा बाहेरचं कापडी छत लावलेल्या घरात मे महिन्यात जो फरक जाणवतो तो आतल्या कुठल्याही ब्लाइंडनं येत नाही. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर गोष्ट वेगळी. देत असेल तर पश्चिमेच्या घरांनी बाहेर चिक आणि आत हलकं पॅनल, अशी जोडी करावी. दोन्ही मिळून खर्च एका महागड्या ब्लॅकआउटपेक्षा फार वाढत नाही.

कापडांत तीन घराणी आहेत असं म्हणू. पहिलं स्क्रीन : पीव्हीसीचा लेप दिलेल्या धाग्यांचं जाळीदार कापड. त्याची भोकं किती मोकळी हे टक्क्यांत सांगतात, १, ३, ५ किंवा १० टक्के. ५ टक्क्यांच्या कापडातून टेरेसवरची झाडं दिसतात आणि डोळ्यांवर येणारी चमक जाते. गंमत अशी की गडद रंगाच्या स्क्रीनमधून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं आणि फिकट रंगाची ऊन जास्त परतवते. दोन्ही एकदम मिळत नाही, दारापलीकडे टेकडी आहे की पार्किंग यावर ठरवा. दुसरं घराणं डिमआउट, म्हणजे दाट विणीचं साधं कापड, मऊ उजेड देणारं आणि बाहेरचं न दाखवणारं. तिसरं ब्लॅकआउट.

स्क्रीन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. दिवसा बाहेर उजेड आणि आत कमी, म्हणून बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री दिवे लागले की हे उलटं होतं. ज्या स्क्रीनच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त बसला आहात तिच्यातून समोरच्या इमारतीला तुमचा हॉल नीट दिसतो. दुकानात हे कळायचं नाही, कारण दुकान भर उजेडात असतं. नमुन्याचा हातभर तुकडा मागून आणा, रात्री दिवा लावून काचेला चिकटवा आणि टेरेसवर जाऊन बघा. समोरची इमारत पन्नास-साठ फुटांवर असेल तर डिमआउट घ्या. नाहीतर दोन चॅनेल स्क्रीनसाठी आणि दोन दाट कापडासाठी ठेवता येतात. महाग पडतं, पण फार सोयीचं.

स्वतःचं कापड लावायची हौस असते. खण, इरकल, आजीची नऊवारी. मन मोडत नाही, पण पॅनलला कापड ताठ लागतं. मऊ सुती किंवा रेशमी कापड सपाट लटकत नाही, कडा आत वळतात. त्याला मागून फ्युजिंग करून दुसरा थर चिकटवावा लागतो. खणाच्या पारंपरिक कापडाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून रुंद पट्टी करायची तर मध्ये जोड येतो. तो काठासारखा वापरला तर बरा दिसतो. आणि गडद रंग थेट उन्हात विटतात, मागे लेपाचा थर दिलेला असला तरी हळूहळू विटतातच. नऊवारी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या दारात टांगू नका. उत्तरेच्या दाराला चालेल.

ज्यूट आणि बांबूच्या विणीची पॅनलं कॅटलॉगात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोकणात आणि गोव्यात त्याहूनही अधिक. पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, दाराच्या फटीतून शिरतो आणि महिनोन्महिने हवा ओली असते. ज्यूटवर बुरशी धरते, वास येतो, आणि ते धुता येत नाही. कोकण, मुंबई, गोव्यात पॉलिएस्टर किंवा पीव्हीसीचंच कापड घ्या. समुद्राजवळ असाल तर ट्रॅक ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत ना ते हातात घेऊन बघा. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज एकाच पावसाळ्यात भिंतीवर ओघळतो. पुणे, नाशिक, नागपूरकडे बुरशीपेक्षा धूळ मोठी. तिथे खडबडीत विणीपेक्षा गुळगुळीत कापड बरं, आठवड्याला व्हॅक्यूमचा ब्रश फिरवला की झालं.

कुठलंही कापड घ्या, सगळ्या पट्ट्या एकाच तागातून आणि एकाच दिशेनं कापलेल्या हव्यात. एक पट्टी उलटी लागली तर ती दिवसाच्या उजेडात वेगळ्या रंगाची दिसते. आडव्या रेघांचं डिझाइन असेल तर पाचही पट्ट्यांवर रेघा जुळायला हव्यात. हे आधी लिहून घेतलं नाही तर बसवणारा म्हणतो, ‘एवढं चालतं.’

माप घेणं स्वतः एकदा कराच, मग दुकानाचा माणूस येऊ दे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा. उंचीही तीन ठिकाणी, कारण आपल्याकडची फरशी सहसा एका पातळीत नसते. टेरेसच्या दाराशी तर पाणी आत येऊ नये म्हणून ग्रॅनाइटचा उंबरा उचललेला असतो. तीन उंच्यांतली सगळ्यात कमी धरा आणि त्यातून अर्धा ते एक इंच वजा करा. रोज ओली फरशी पुसली जाते अशा घरात पूर्ण इंच सोडा, नाहीतर कापडाची खालची कड फडक्याचं पाणी ओढून घेते. शेजाऱ्याचा फ्लॅट अगदी तुमच्यासारखा असला तरी त्याचं माप वापरू नका. प्लास्टरच्या जाडीत दोन्हीकडे मिळून इंचाचा फरक सहज पडतो. अमेरिकेतल्या वाचकांचं काम त्या मानानं सोपं. तिथल्या पॅटिओ डोअरची उंची बहुधा ८० इंच आणि रुंदी ६०, ७२ किंवा ९६ इंच अशी ठरलेली असते, एक झडप बहुतेक वेळा पक्की बसवलेली असते, म्हणजे थप्पीची जागा आपोआप ठरते. भाड्याच्या घरात मालकाचे व्हर्टिकल ब्लाइंड काढलेच तर पट्ट्या आडव्या गुंडाळून जपून ठेवा, घर सोडताना परत लावावे लागतात.

ट्रॅक कशाला ठोकणार हेही माप घेतानाच ठरवा. पाच चॅनेलचा ट्रॅक ब्रॅकेट धरून साधारण तीन-चार इंच खोल होतो. फॉल्स सीलिंगमध्ये पडद्यासाठी सोडलेली खाच जेमतेम चार इंचांची असेल तर ट्रॅक मावेल, पण पट्ट्या दाराच्या हँडलला घासतील. नवीन घर सजवत असाल तर सुताराला निदान सहा-सात इंच सोडायला सांगा. जिप्समच्या किंवा पीओपीच्या नुसत्या बोर्डला ट्रॅक कधीही लावू नका. त्यावर आतून प्लायवूडची पट्टी दिलेली असावी किंवा स्क्रू थेट स्लॅबमध्ये जावेत. दारावरचा बीम काँक्रीटचा असतो, तो पेलतो, पण बाजूची भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर तिथे लांब आणि खास त्या ब्लॉकसाठीचे प्लग लागतात. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, मायवान म्हणतात त्या इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या असतात, साधा ड्रिल चालत नाही आणि आत वायरच्या नळ्या असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू देऊ नका.

चालवायला तीन सोयी मिळतात : दांडी, दोरी आणि मोटर. पहिल्या पट्टीला लावलेली दांडी सगळ्यात साधी. ती धरून चालायचं की पडदा मागे येतो, बिघडण्यासारखं काही नाही. दोरी किंवा साखळी टाळाच, घरात लहान मूल असेल किंवा नातवंडं सुट्टीत येत असतील तर नक्कीच. लोंबत्या दोरीचा फास गळ्यात अडकून मुलं दगावल्याच्या घटनांमुळे अमेरिकेतल्या ब्लाइंड उद्योगाच्या मानकानं डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडवरच्या हाती येणाऱ्या लांब दोऱ्या बंद केल्या. आपल्याकडे त्या सर्रास विकल्या जातात. दोरीच घ्यावी लागली तर ती भिंतीला ताणून पक्की करणारा क्लिप मागून घ्या. मोटरची गरज रोज बाहेर जाणाऱ्या घराला नाही, ज्येष्ठांना किंवा खूप रुंद दारांना आहे. घ्यायची तर ट्रॅकच्या टोकाशी प्लग पॉइंट आधी काढून ठेवा आणि वीज गेल्यावर पडदा हातानं ओढता येतो का ते विचारा. सगळ्या मोटरींत येत नाही, आणि आपल्याकडे वीज जाते.

भाव चौरस फुटाचा सांगतात, म्हणून तो कशावर मोजला हे विचारलंच पाहिजे. दाराच्या मापावर, ट्रॅकच्या मापावर, की चढासकट लागलेल्या कापडावर? तिन्हींत बराच फरक पडतो. ट्रॅक, बसवणावळ आणि कर भावात धरलेत की वेगळे? वेल्क्रोची सरकपट्टी आणि चॅनेलमधली छोटी चाकं पाच वर्षांनी सुटी मिळतील का? व्हर्टिकलचे सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळतात, पॅनलचे नाही. एखाद्या कंपनीनं डिझाइन बदललं तर एका चाकासाठी सगळा ट्रॅक बदलावा लागतो. म्हणून अनोळखी स्वस्त मालापेक्षा जो विक्रेता सुट्या भागांची हमी बिलावर लिहून देतो त्याच्याकडे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. दोन-चार जास्तीची चाकं पहिल्याच दिवशी मागून घ्या.

ऑर्डरच्या कागदावर पट्ट्यांची संख्या, एका पट्टीची रुंदी, थप्पी डावीकडे की उजवीकडे, ट्रॅक भिंतीवर की छताला, तळाशी किती अंतर आणि कापडाचा क्रमांक, एवढं लिहून दोघांच्या सह्या असू द्या. डावं-उजवं लिहिताना ‘घरात उभं राहून दाराकडे तोंड करून’ असंही लिहा. याच एका ठिकाणी सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि मापावर कापलेला ट्रॅक दुकानदार परत घेत नाही.